नंबर बदलून द्या, बाई

लोक माझ्याकडे नंबर काढायला येतात. चष्म्याचा काढतात तसा स्वभावाचा. एक गृहस्थ दारातच चप्पल न काढता म्हणाले होते, "मॅडम, अर्ध्या तासात उरकेल ना? पुढं एका लग्नाला जायचंय." मी म्हटलं, आधी लग्नाला जाऊन या, पोटभर जेवा, आणि मग आयुष्यातले चार-सहा महिने मोकळे असतील तर या. ते परत आले नाहीत. असे न आलेले लोक मला फार आवडतात.

संपादकांनी "दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा" असं सांगितलं होतं. मी प्रयत्न करून पाहिला. जमत नाही. मला राग आलेला आहे, आणि तो गेल्या काही वर्षांपासून साचत आलाय.

मी समुपदेशक. नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, तोंडाला अजून सवय नाही) एका मिशन दवाखान्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर केडगावला घराच्या पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या आणि तेच काम चालू ठेवलं. त्यातला एक भाग म्हणजे एनिअग्राम. हे नाव ऐकून लोक दचकतात, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला 'नंबरचं शिबिर' म्हणतात. मी ते आम्हा ख्रिस्ती मंडळींच्या एका मौनाच्या शिबिरात एका म्हाताऱ्या धर्मगुरूंकडून शिकले.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. एक वर्तुळ, त्यावर नऊ बिंदू, म्हणजे माणसाच्या स्वभावाच्या नऊ तऱ्हा. पण तुम्ही काय करता यावरून नंबर ठरत नाही; का करता यावरून ठरतो. मयताच्या घरी शेजारच्या तीन बायका पिठलं-भाकरी घेऊन जातात. एक जाते, कारण असं करणंच योग्य आहे आणि न करणाऱ्यांचा तिला संताप येतो. दुसरी जाते, कारण आपल्यावाचून कुणाचं अडलं की तिला बरं वाटतं. तिसरी जाते, कारण चारचौघांत आपलं नाव चांगलं राहावं. भाकरी तीच, पिठलं तेच, नंबर मात्र तीन वेगळे. लहानपणी प्रत्येकाला कसली ना कसली थंडी वाजलेली असते आणि त्याने एखादं घोंगडं अंगावर ओढलेलं असतं. पुढे ऊन पडतं, तरी घोंगडं अंगावरच. आपण ते पांघरलेलं आहे हे कळणं, आणि कधीतरी खांद्यावरून खाली सरकवता येणं, एवढंच माझं शिबिर.

हे कुणी प्रयोगशाळेत सिद्ध केलेलं नाही, हेही सांगून टाकते. माझ्या मानसशास्त्राच्या पदवीत यातलं अक्षर नव्हतं. माणूस स्वतःकडे बघायला लागतो, म्हणून मी ते वापरते. त्याहून मोठा दावा कुणी केला तर खुशाल उठून जावं.

आणि या कामाचा एकच कडक नियम आहे. नंबर दुसऱ्याने सांगायचा नाही. समोरच्याचा मला दिसत असला तरी नाही. ज्याचा त्याने शोधायचा. नऊ वर्णनं वाचायची, महिनोन्‌महिने स्वतःवर लक्ष ठेवायचं. जे वर्णन वाचताना छाती फुगते ते बहुतेक आपलं नसतं. जे वाचताना कानशिलं गरम होतात आणि कागद उलटा ठेवावासा वाटतो, तिथे थांबायचं.

माझा स्वतःचा एक. म्हणजे चूक दिसली की जीव कासावीस होणारा. आमचे मिस्टर म्हणतात, "चर्चमध्ये उपदेश चालू असताना ही पाळकांच्या चुका काढत बसते." खोटं नाही. तो स्वभाव ओळखूनही मी आज रागावूनच लिहितेय, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

राग येणार नाही तर काय? सुप्याकडच्या एका कारखान्यातला अधिकारी येऊन म्हणाला, "आमच्या कामगारांची टेस्ट घ्या आणि पुढंमागं संघटना कोण काढेल तेवढे नंबर वेगळे करून द्या." मी त्याला चहा दिला आणि दार दाखवलं. एक नवरा बायकोला घेऊन आला. बाई बिचारी पदर सावरत बसलेली. "हिचा काढा," म्हणाला. आणि तुमचा? "माझा नको. माझा चांगलाच आहे." या माणसाला कागद उलटा ठेवावासा वाटेल असा दिवस यावा, म्हणून मी प्रार्थना केली आहे. हसू नका, खरंच केली आहे.

पण हे सगळे परवडले. ज्या प्रकरणाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ते प्रज्ञाचं. तिला विचारून लिहितेय. नावं बदलली आहेत.

प्रज्ञा शेवगाव तालुक्यातली, एस.टी.त कंडक्टर. शिबिराला आली ती स्वतःहून. "माझं सगळ्यांशी वाजतं मॅडम," म्हणाली, "मला बघायचंय माझ्यात काय हाय ते." सुट्टीच्या दिवशी गाड्या बदलत केडगावला यायची. आधी तिने ठामपणे सांगितलं की आपण दोन, म्हणजे दुसऱ्यांसाठी झिजणारे. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग एका शनिवारी ती आठाचं वर्णन वाचताना मध्येच थांबली. आठ म्हणजे ज्याने लहानपणीच ठरवून टाकलं की दुबळं दिसायचं नाही, कारण दुबळ्याला लोक जगू देत नाहीत. आवाज मोठा. अन्याय दिसला की मध्ये पडणार. आणि आतली भीती मेला तरी दाखवणार नाही. प्रज्ञाने कागद पालथा घातला, पाणी मागितलं आणि म्हणाली, "हे कुनी लिवलं? कोन तरी आमच्या घरात येऊन बघून गेलंय."

त्यानंतरचे महिने म्हणजे माझ्या कामातला आनंद. आवाज तोच राहिला, पण ती इतरांची मदत घ्यायला शिकली. एकदा अंगात ताप असताना तिने ड्रायव्हरला चक्क सांगितलं की दादा, आज मला बरं नाही, जरा सांभाळून घ्या. हे मला सांगताना ती लाजत होती. कुणाला हे फार छोटं वाटेल. आठातल्या माणसाला विचारा.

मग लग्न ठरायची वेळ आली. मुलगा राहुल, चाकणला कंपनीत नोकरीला, शांत स्वभावाचा. दोघांची पसंती झाली होती. साखरपुड्याची बोलणी चालू असताना मुलाचे मोठे भाऊ, मिलिंद सर, यांनी विचारलं, "तुम्ही एनिअग्राम केलंय म्हणे. टाइप काय?" हे मिलिंद सर सावेडीत व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेतात. मोबाईलवर प्रश्न, बटण दाबलं की नंबर. प्रज्ञाला लपवायचं काय कारण? तिने सांगितलं, आठ. सरांनी तिथल्या तिथे मोबाईलमध्ये तक्ता उघडला. राहुलचा नंबर नऊ, शांतताप्रिय. तो अर्थात सरांनीच काढलेला. आठ नवाला दाबून टाकतो. जोडी धोक्याची.

दोन्ही घरं बौद्ध. किसनदादा, म्हणजे प्रज्ञाचे वडील, शाळेत शिपाई होते. त्यांच्या वडिलांनी धर्मांतरानंतर घरातले देव नदीत सोडले आणि घरात पुन्हा कधी पत्रिकेचं नाव काढू दिलं नाही. मिलिंद सरांकडेही तेच. मंगळ, गुण, नाडी, सगळ्याला हद्दपार केलेलं. आणि त्याच घरात हा तक्ता पुढच्या दाराने आला, बूट घालून, कारण तो मोबाईलमध्ये होता. "आम्ही पत्रिका वगैरे मानत नाही," सर म्हणाले होते, "पण हे सायंटिफिक आहे."

किसनदादा माझ्याकडे आले ते एकटेच. खुर्चीवर बसायला तयार नव्हते. मी बळेच बसवलं.

"बाई, एक काम हुतं. नंबर बदलून द्या."

"कसला नंबर?"

"पोरीचा. त्यांना आठ चालत न्हाई. दोन चालतोय म्हनं. सेवा करनारा. तुमी दोन म्हनून लिहून दिलं तर त्यांची ना न्हाई. पोरगं चांगलं हाय हो बाई."

मी कपाळावर हात मारला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. लोकांना सून दोनातलीच हवी! जावई आठातला असला तर तो 'कर्तबगार', सून आठातली असली तर धोका. मी म्हटलं, "दादा, मी असं लिहून देत नाही. कुणालाच नाही. आणि मला सांगा, तुमच्या वडिलांनी पत्रिका घराबाहेर काढली, आणि तुम्ही ही नवी घरात घेताय?"

ते खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पत्रिका असती तर मी भांडलो असतो बाई. ती मला कळती. पर ह्ये शिकल्याल्या लोकांचं हाय. ह्याच्याशी भांडायचं कसं, ते मला येत न्हाई."

शिकलेल्या लोकांत मीही येते, आणि हा तक्ता त्यांच्या घरी पोचला त्या वाटेवर माझी पुढची खोली लागते, हे मला त्या क्षणी फार झोंबलं.

चार दिवसांनी प्रज्ञा आली. मी तिला पाहिलं आणि मला ती आजारी वाटली. हळू बोलत होती. प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघून हसत होती. चहा झाल्यावर माझ्या हातातला कप काढून घेऊन विसळायला निघाली.

"प्रज्ञा, काय चाललंय?"

"सराव करतीय मॅडम. दोनाचा." मग परत हसली. "आठाचं काय औषध हाय का?"

मी तिला खाली बसवलं. मग तिने सांगितलं. पाथर्डीच्या गाडीत गर्दी होती. एक माणूस कॉलेजच्या मुलीला खेटून उभा होता. मुलगी सरकायची, तो सरकायचा. अशा वेळी प्रज्ञा काय करते ते त्या मार्गावर सगळ्यांना माहीत आहे. घंटी मारून गाडी थांबवते, आणि त्या माणसाला रस्त्यावर उतरवूनच गाडी पुढे जाते.

"त्या दिवशी मनात आलं, हेच ते. हेच आठ. हेच कमी करायचंय. मी तिकिटाच्या मशीनकडं बघत राहिले. ती पोरगी माझ्याकडं बघत हुती मॅडम. शेवटी तीच मधल्या स्टॉपवर उतरली. तिचं गाव पुढं हाय, मला माहीत हाय. तरी मी काय बोलले न्हाई."

मी आयुष्यभर माणसांना शांतपणे ऐकण्याचं काम केलं. त्या दिवशी मला ते जमलं नाही. मी उठून उभी राहिले आणि खोलीत येरझारा घालायला लागले. जे शिबिर तिला मोकळं करायला होतं, त्याचंच मुसकं करून कुणी तिच्या तोंडाला बांधलं होतं, आणि ही मुलगी ते स्वतःच्या हाताने घट्ट करत होती. आज लग्नासाठी गप्प, उद्या सासरी गप्प, परवा स्वतःच्या मुलीसाठीही गप्प. लग्न मोडलं तर दुसरं जमेल. माणूसच मोडलं तर काय जमणार?

मी मिलिंद सरांना फोन करून सगळ्यांना रविवारी घरी बोलावलं. आले. सर, राहुल, किसनदादा, प्रज्ञा. सर इस्त्रीच्या शर्टात, अगदी नम्र. "मॅडम, तुम्ही तर या क्षेत्रातल्या सीनियर," अशी सुरुवात करून त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "राहुलचा नंबर कुणी काढला?"

"मी. लहानपणापासून ओळखतो त्याला."

"म्हणजे त्याने शोधला नाही. मग तो नंबर नाही, ते तुमचं त्याच्याबद्दलचं मत आहे. आणि कुठल्याही दोन नंबरांचं लग्न होऊ नये असं यात कुठेही नाही. लग्नं नंबर करत नाहीत, माणसं करतात. तुम्ही या मुलीला दुसरा नंबर घेऊन ये म्हणता, म्हणजे तुम्हाला यातलं ओ की ठो कळलेलं नाही!"

माझा आवाज चढला होता. सर मंद हसले. "मॅडम, तुम्ही एक आहात ना? हा राग तुमच्या टाइपमधून येतोय."

काय सांगू! या माणसाने माझंच हत्यार माझ्यावर चालवलं. आणि ते खरं होतं, हे जास्त वाईट. माझा राग एकाचाच होता. पण राग कुठल्याही नंबरचा असो, त्याने समोरची चूक बरोबर होते का? हे वाक्य मला तिथे सुचायला हवं होतं. ते रात्री भांडी आवरताना सुचलं.

तेवढ्यात प्रज्ञा बोलली. सरांशी नाही, राहुलशी. "तुमाला मी कशी वाटले? टाइप सोडा."

राहुल भला मुलगा आहे, आजही मी तेच म्हणेन. त्याचे ओठ हलले. आणि मग त्याने भावाकडे बघितलं. थोडाच वेळ, पण आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं.

"माझ्याकडं बघून सांगा की!" प्रज्ञा म्हणाली. आवाज थोडा वर गेला, एवढंच.

"बघा," सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे बघून हात पसरले. "हेच. टिपिकल आठ."

म्हणजे बोलली तर आठ. गप्प बसली तर आठ दाबून ठेवतेय. या तक्त्यातून तिला बाहेर पडायला दारच ठेवलेलं नव्हतं. प्रज्ञाने मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "सॉरी सर," म्हणाली. त्या मुलीच्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

किसनदादा उठून उभे राहिले. त्यांच्याकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं.

"सर," ते म्हणाले, "हिची आई गेली तवा ही लहान हुती, आन्‌ हिच्या मागं दोन भाऊ. मी गरीब मानूस. मला कुनी काय बोललं तरी मी खाली बघायचो, आजबी बघतो. नळावर बाया मला पानी भरू देत नव्हत्या. ही जायची, कळशी घेऊन. तिथून हिचा आवाज घरापोत्तर यायचा. आन्‌ पानी यायचं. दोघं भाऊ शिकले ते हिच्या आवाजावर शिकले. माझं घर त्या आवाजावर उभं हाय. आन्‌ मी बाप असून हितं आल्तो, ह्यो आवाज कमी करून द्या म्हनून सांगायला." डोळे पुसायलाही ते थांबले नाहीत. "आमाला न्हाई करायचं हे लगीन. तुमी दोनातली बघा."

सर "दादा, तुम्ही इमोशनल होताय" असं काहीतरी बोलत होते. किसनदादांनी त्यांना हात जोडले आणि चपला घातल्या. राहुल दारापर्यंत आला आणि उंबऱ्यातच थांबला.

त्याच्या नंबराचं मला काही देणंघेणं नाही. पण त्याने कधीतरी एकटं यावं आणि आपण त्या क्षणी भावाकडे का बघितलं हे शोधावं, असं मला वाटतं. तेवढं ज्याने शोधलं त्याचं शिबिर झालं. मिलिंद सरांचे वर्ग अर्थात जोरात चालू आहेत. परवा त्यांची जाहिरात पाहिली: 'विवाहपूर्व टाइप मॅचिंग'. मी त्या कागदाचं काय केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या रविवारी मी बापलेकींना सोडायला पुणे रस्त्यापर्यंत गेले. प्रज्ञा दोन पावलं मागे, पिशवी पोटाशी धरून. ऊन चांगलंच चढलं होतं. पुण्याकडून शेवगावची गाडी येताना दिसली. लांब पल्ल्याच्या गाड्या केडगावला सहसा थांबत नाहीत. प्रज्ञाने हात वर केला, अर्धाच, खांद्याएवढा. ड्रायव्हरने पाहिलं नसावं. गाडी वेग कमी न करता आमच्या पुढून निघाली.

ज्या माणसाने जन्मभर खाली बघितलं होतं तो रस्त्याच्या कडेला वर बघून ओरडला, "वरड, प्रज्ञा! आगं, जोरात वरड!"

प्रज्ञाने एकदा बापाकडे बघितलं. मग पिशवी माझ्या हातात कोंबली, रस्त्यावर दोन पावलं पुढे गेली आणि अशी ओरडली की पलीकडच्या टपरीवरचे लोक उभे राहिले. गाडी पुढे जाऊन करकचून थांबली.

"बसा पप्पा," ती म्हणाली.